वरचे चार आणे

धनाजी : परत लाथ मारली ह्या मेंढीनं. आये, ह्ये कोकरू न्हाई जगायचं.

तुकाबाई : तोंड आवर आन् तिला नीट धर. पहिलारू हाय, बावरलीया.

धनाजी : सकाळधरनं धरूनच हाय की. बाटलीला त्ये तोंड लावंना आन् ही जवळ घेईना. उद्या कासार आंबोलीला दादासाहेबांच्या वावरात खतासाटी मेंढरं बसवायचीत. ह्याला तितं कसं न्यायचं?

पल्लवी : आज्जे, एक गाणं लावू? मंगोलियात एक म्हातारी आहे, तुझ्याच वयाची, मेंढरंवाली. मेंढी पिल्लाला जवळ घेत नसली की ती हे गाते.

धनाजी : हिंजवडीला नोकरी लागल्यापास्नं हिला समद्यावरचा विलाज मोबाइलात दिसतुया.

तुकाबाई : लाव गं. बोलवून बोलवून माजा घसा बसलाय.

(मोबाइलमधून म्हातारीचा संथ, घुमणारा आवाज. थोड्या वेळानं तुकाबाईही बसक्या गळ्यानं तोच सूर धरते.)

धनाजी : आये... मान वळवली तिनं.

तुकाबाई : हळू बोल.

धनाजी : हुंगतीया. आगं, चाटतीया की!

तुकाबाई : पितंय गं माय! शेपूट बघ कसं हलतंय. पल्लवे, माज्या डोळ्याला पानीच आलं बघ.

पल्लवी : माझ्यापण.

तुकाबाई : काय बाई हाय ती! बोली कळंना, पर मेंढराचं मन वळखून हाय. तिला कायतरी धाडाय पायजे. गुण आला की विलाज सांगनाऱ्याला तसंच सोडू न्हाई.

पल्लवी : गाण्याखाली तिच्या नातीनं सोय केलीय. ज्याला वाटेल त्यानं टाकायचं. बिटकॉइनमधून.

धनाजी : पल्लवे! भावकीतल्या अमोलनं त्यातच ट्रॅक्टरचं पैसं घालवलं न्हवं?

पल्लवी : अमोलदादानं दुप्पट व्हायला घातले, अप्पा. मी द्यायला ठेवलेत, तेही भेळीपुरतेच. त्याचा अगदी बारीक चुरा असतो, सातोशी म्हणतात. एक सातोशी म्हणजे सध्या रुपयातले आठ-नऊ पैसे.

धनाजी : मग चहावाल्याला स्कॅन करून देतीस, तसंच दे की.

पल्लवी : ते तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि बँकेतून दहा रुपये धाडायचे, तर धाडायचा खर्चच शेकड्यांत. गाणं ऐकून कुणी एवढं करतं का? म्हणून हे. थांबा... दिले. दहा रुपयांचे. पोचलेसुद्धा.

धनाजी : मेंढरानं मान हलवायच्या आत?

तुकाबाई : दहा? नुसतं दहा?

पल्लवी : का? कमी झाले?

तुकाबाई : कमी न्हाई गं, सपाट झालं! सपाट दिलं की मजुरी झाली, हिशेब मिटला. वर चार आणं लागत्यात, म्हंजी येनं-जानं ऱ्हातं. हिंजवडीला जाऊन येवढंबी इसरलीस?

पल्लवी : इसरले गं. थांब, चार आणे मागून धाडते.

धनाजी : चार आणं आता कुटं चालत्यात? सरकारनं कवाच बंद केलं. देवळाच्या पेटीतबी कुणी टाकत न्हाई.

पल्लवी : इथं चालतात, अप्पा. तीन सातोशी. हे बघा, गेले.

धनाजी : चार आणं? हितनं मंगोलियाला?

पल्लवी : हो.

धनाजी : आन् मधी कुनी खाल्लं न्हाई?

पल्लवी : खाल्लं असेल तर कणभर.

धनाजी : आयला! लई भारी हाय की ह्ये. नायतर आपल्या बाजारात चार आण्याला कुनी मान वर करून बघत न्हाई.

पल्लवी : आज्जे, तिच्या नातीचं उत्तर आलं. म्हणते, "आजी विचारतेय, मागून आलेलं एवढंसं कशाचं?"

तुकाबाई : सांग तिला. म्हनावं, गान्याचं आधीच दिलं. ह्ये येवढंसं हिशेब मिटू नये म्हनून. आन् कोकरू पितंय म्हनावं, पोट टम्म झालंय.

पल्लवी : फोटोपण धाडते. गेला... आता काहीतरी आलंय तिकडून. पैसे आहेत.

धनाजी : किती?

पल्लवी : तीन सातोशी. आपले चार आणे.

धनाजी : घ्या! परत केलं म्हातारीनं.

तुकाबाई : परत न्हाई रं केलं. तिला उमगलं. पल्लवे, ठिव त्ये, खर्चू नगंस.