डोकं नसलेला चॅम्पियन

...तर चार दिवस तो माणूस भिंतीवर तसाच उभा होता. बूट होते, चड्डी होती, पोट, छाती, हातमोजे, सगळं जागच्या जागी, आणि मान संपली की नुसती भिंत. डोकंच नाही. आणि येणारा-जाणारा मलाच विचारणार, 'काय हो पेंटर, डोकं कुठाय?' अहो, मला डोकं असतं तर मी हे काम घेतलं असतं का? तुम्हाला सांगतो, वीस वर्षं पाट्या रंगवतोय. दवाखान्याच्या रंगवल्या, शिंप्याच्या रंगवल्या, 'येथे गाडी लावू नये' तर किती रंगवल्या त्याला गणती नाही, पण एकाही पाटीनं मला छळलं नाही इतकं या डोक्यानं छळलं. मला बॉक्सिंगमधलं काय कळतं?

भिंत आमच्या सासऱ्यांच्या क्लबातली. बॉक्सिंगचा क्लब. सासरे स्वतः जुने बॉक्सर, नाक इतकं बसलेलं की चष्मा घसरून ओठावर येतो. आठ वर्षं झाली लग्नाला, पण या गृहस्थांनी मला एकदाही जावई म्हटलं नाही. फोनवर लेकीला विचारणार, 'तुझे ते आहेत का घरी?' चार लोकांत ओळख करून द्यायची वेळ आलीच तर, 'हे पाट्या रंगवतात.' संपली ओळख. जसं काही मी पाट्या रंगवत रंगवत चुकून यांच्या घरात शिरलो. मला काही हारतुरे नको होते हो. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत 'हे आमचे जावई' असं म्हणावं, एवढीच इच्छा होती.

आणि एक दिवस हे आपल्या पायांनी आमच्या घरी. खुर्चीवर बसले, चहा घेतला, म्हणाले, 'क्लबला पन्नास वर्षं होतायत. रविवारी कार्यक्रम. रिंगच्या मागच्या भिंतीवर हेवीवेटमधला आजवरचा सर्वश्रेष्ठ चॅम्पियन काढायचाय. दोन पुरुष उंच.' बायको स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करून सांगतेय, हो म्हणा. म्हटलं, हो. मग म्हटलं, 'पण काढायचं कोणाला?' तर म्हणाले, 'कोणाला म्हणजे? ते ठरलेलंच आहे. तुम्ही सुरू करा.'

ठरलेलं होतं, खोटं नाही. तिघांचं तीन ठिकाणी ठरलेलं होतं.

सासऱ्यांचा लोहार. म्हणजे धंद्यानं लोहार नव्हे, टोपणनाव, फार जुना चॅम्पियन, जाऊनही जमाना झाला. मेहुणा, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, जो तिथं पोरांना शिकवतो, त्याचा सुरुंग. हा मधल्या काळातला, घंटा वाजली की पहिल्याच फेरीत समोरच्याला आडवा करायचा. आणि मेहुण्याची मुलगी, सोळा वर्षांची, स्वतः खेळते, माझ्यापेक्षा दंड मोठे, तिचा मनोरा. हा हल्लीचा, सात फुटाला दोन बोटं कमी. आता मी काय करावं? ज्यांच्याकडे रंगकाम शिकलो त्या आमच्या उस्तादांची शिकवण, भिंत नेहमी वरून खाली रंगवत यायची, कारण रंग ओघळतो. पण वर काय काढू? म्हटलं, बूट तर तिघांनाही असतील. चड्डी तिघांनाही असेल. चला, खालून सुरू करू. तिथंच मी फसलो.

मंगळवारी मानेपर्यंत पोचलो आणि विचारलं, 'हं, आता डोकं बोला.' बोला म्हणायचा अवकाश, तिघं रिंगच्या दोरांना टेकून उभे.

सासरे म्हणाले, 'लोहार. पंधरा पंधरा फेऱ्या खेळायचा. तोंडातून रक्त येतंय तरी उभा.'

मेहुणा म्हणाला, 'बाबा, उभा कोणासमोर? तुमच्या काळी समोर यायचे कोण? दिवसभर गोदीत पोती उचलायची आणि संध्याकाळी येऊन मार खायचा.'

'आणि तुझा सुरुंग? तीन मिनिटांत घरी. तिसऱ्या फेरीनंतर काय करायचा, कोणाला माहिती आहे?'

'ती वेळच येऊ द्यायचा नाही ना.'

मग नात, फोनमधून मान न काढता, 'आजोबा, लोहाराचं वजन बघा. आजच्या हिशोबानं तो हेवीवेटमध्ये बसतच नाही. मनोऱ्यानं नुसता हात लांब करून धरला तरी तो पोचणार नाही.'

'तुझ्या मनोऱ्याला टाक आमच्या काळात. घोड्याचे केस भरलेले हातमोजे घाल म्हणावं, आणि खा उकडलेले बटाटे.'

'मग लोहाराला आणा आमच्या काळात. डाएट द्या, डॉक्टर द्या.'

म्हणजे बघा, एक गेलेला, एक निवृत्त, एक अजून खेळतोय, या तिघांना हे काळातून उचलून एकमेकांच्या अंगावर घालतायत, आणि मी शिडीवर, हातात ब्रश, ब्रश सुकतोय. मध्येच मी आपलं भोळेपणानं विचारलं, 'पण मामंजी, तुम्ही लोहाराला खेळताना पाहिलंय ना?' चष्मा वर ढकलला. मग म्हणाले, 'ऐकलंय. रेडिओवर.' रेडिओवर. पन्नास वर्षं हा माणूस ज्याच्यासाठी भांडतोय त्याचा त्यानं आवाजसुद्धा ऐकलेला नाही, त्याला मार बसल्याचा आवाज ऐकलाय. मेहुण्यानं सुरुंग पाहिला तो झिजलेल्या कॅसेटवर, पडद्यावर नुसत्या रेघा. आणि पोरीनं मनोरा पाहिलाय तीस-तीस सेकंदांचा, फोनवर. पण मी कशाला बोलू? मला बॉक्सिंगमधलं काय कळतं?

बरं, फोटो द्या म्हटलं तर सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण दिलं, त्यात नुसते ठिपके, तो चॅम्पियन की गव्हाचं पोतं ते कळू नये. मग अंदाजानंच एक डोकं काढलं आणि सुरू झाल्या गुपचूप भेटी. सकाळी सासरे एकटेच यायचे, 'नाक जरा बसवा.' बसवलं. दुपारी मेहुणा, 'दाजी, आपल्यातलंच आहे म्हणून सांगतो, मान जाड करा आणि ते नाक सरळ करा.' केलं. संध्याकाळी पोरगी, 'काका, दाढी पाहिजे.' काढली दाढी. सकाळी पुन्हा सासरे, 'ही दाढी कुठून आली?' तीन दिवसांत त्या एका मानेवर सात डोकी आली आणि गेली. आणि प्रत्येक डोकं पुसताना रंग ओघळून खाली चड्डीवर. उस्ताद असते तर मला शिडीसकट बाहेर काढलं असतं.

शनिवारी दुपारी तिघं म्हणाले, 'आता गुण देऊन ठरवू,' आणि ऑफिसात जाऊन बसले. दार बंद. पाच वाजले, सहा वाजले. आतून 'जबड्याचे दहापैकी चारच?' असे आवाज. उद्या सकाळी पाहुणे येणार आणि भिंतीला डोकं नाही. सासरे काय म्हणणार? 'हे पाट्या रंगवतात, पण त्याही अर्ध्या.' मग म्हटलं, मरो. वर चढलो आणि हात जाईल तसं काढत गेलो. हाताला सवय असते हो. दोन तासांत डोकं तयार, वर चादर टाकली, घरी गेलो.

रविवारी चादर ओढली. सासरे पुढं झाले, चष्मा वर केला, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचे डोळे भरून आले. म्हणाले, 'लोहार. हुबेहूब. भुवईवरचा हा घाव बघा, हा अकराव्या फेरीतला.' मेहुणा माझ्या कानाशी, 'दाजी, मानलं. शेवटी सुरुंगच काढलात. बाबांना कळलेलं दिसत नाही, बोलू नका.' पोरगी फोटो काढत, 'मनोराच आहे, तरुणपणीचा, दाढी राखायच्या आधीचा.' तिघंही खूश. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे दोघं हरले आणि मोठ्या मनानं गप्प बसले.

आणि बायकोनं माझी बाही ओढली. हळूच म्हणाली, 'अहो, हे तुम्ही आहात.'

बघतो तर मी. उस्तादांकडे शिकताना मॉडेलला कोण बसणार, म्हणून आम्हाला आरसा द्यायचे, काढा आपलंच तोंड. शेकडो काढली असतील. हात चुकला आणि ओळखीच्या वाटेनं गेला. भुवईवरचा घाव म्हणाल तर तो अकराव्या फेरीतला नाही, चपलांच्या दुकानाची पाटी लावताना शिडीवरून डब्यावर पडलो होतो तेव्हाचा.

भाषणात सासऱ्यांनी सगळ्यांचे आभार मानले. खुर्च्या देणाऱ्याचेही. माझ्याबद्दल म्हणाले, 'भिंत रंगवून घेतली.'

तेव्हापासून रोज सकाळी सासरे क्लब उघडतात, त्या भिंतीसमोर ताठ उभे राहतात आणि माझ्या तोंडाला सलाम ठोकतात. मला बायकोनं सांगितलं तेव्हा राहवलं नाही. एका सकाळी गेलो, शिडी चढलो आणि मुद्दाम त्या तोंडापुढं भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मागं मी, पुढं मी. म्हटलं, आता तरी यांना दिसेल. सासरे आले. हात कपाळाकडे नेता नेता थांबले, माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि चार पोरांच्या देखत, आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाले,

'जावईबापू, जरा बाजूला व्हा. तोंड दिसत नाहीये त्याचं.'

झालो बाजूला. मला बॉक्सिंगमधलं काय कळतं?