सोळा घंट्याचा रस्ता

हाव महाराज, दिसून राह्यलं मले बी, बारा वीस झाले — मुहूर्त बारा पस्तीसचा, तुमी काय मले घड्याळ दाखवता? नवरदेव मारुतीपासून निघाला तेबी आयकू येऊन राह्यलं, बहिरा नाही मी. पण पोरीचा मामा आल्याबिगर अंतरपाट धरू नका म्हणतो ना! — दीपक, माह्या बायकोचा, विमलचा, एकुलता एक भाऊ, तिकडं अमेरिकेत राह्यते. शुक्रवारी सकाळी म्या सोता फोन केला. आज रविवार! मोबाइलात पाह्यलं होतं — सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई तेरा हजार किलोमीटर, सोळा घंटे. हे पाहा, लिहेल हाय. म्हटलं शुक्रवारी सांगतलं तरी शनिवारी हळदीले हजर.

काय? पत्रिका काऊन नाही धाडली? — राहून गेली. बरं, नाही धाडली, झालं? विमल महिनाभर मांगं लागली होती, पहिली अक्षत मामाले. म्या म्हटलं, जो मायच्या मातीले नाही आला त्याले कायची अक्षत? तीन वर्सं झाले सासूबाईले जाऊन. हा फोनवर म्हणे, भाऊजी, थांबा, निघालो. थांबलो ना! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फावर ठेवलं. मंग काय करता — अग्नी म्या देल्ला, जावयानं. हा आला दिवस बुडता, राख गरमच होती. अन् म्या साऱ्या सोयऱ्यांसमोर सुनावलं त्याले — सोळा घंट्याचा तर रस्ता हाय, नियत असती तर आला असता. अस्थी घेऊन गेला, तो पुन्हा आमच्या उंबऱ्यावर नाही आला.

आता नवरी पोरगी, पूनमच हटून बसली, मामा नाही तर मी बी मांडवात नाही. म्हून केला फोन. तो एकच शब्द बोलला — निघालो. — अन् आता पाहा! दुबईले सहा घंटे बसून राह्यला, पहाटं मुंबई, मंग सामान, मंग गाडी, अन् अजून जालन्यापाशीच हाय. तिथून आपलं धामणगाव तीन घंटे! हे काऊन नाही लिहिलं मोबाइलात? दुबईचं बसणं काऊन नाही लिहिलं? — तवा बी... तवा बी असाच निघाला असन तो, महाराज. फोन ठेवला त्याच घंट्याले.

चुलत मामाले उभं करू म्हणता? नाही. बिलकूल नाही. माइकवर पुकारा तुमी — मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. दीपकचं नाव घेऊन पुकारा, मोठ्यानं. तेच सोयरे बसले हायेत समोर. पुकारून थोडं थांबा. मंग पूनमले मी आणतो. — जा ना आता, माह्या तोंडाकडं काय पाह्यता!