एका मनगटावर दोघे

डायव्हिंगच्या दुकानात सिलिंडर भरून घ्यायला एक बाई रांगेत थांबल्या होत्या. पुढे दोघे भाऊ काउंटरला टेकले होते आणि थोरला दुकानदाराला खोदून खोदून विचारत होता.

"किती खोल गेलो, वर कधी यायचं, सगळं सांगतो ना हा मनगटावरचा कॉम्प्युटर?"

"सांगतो. रंगीत स्क्रीन, गढूळ पाण्यातही दिसते. बॅटरी दगा देत नाही."

"मग हाच द्या! जुन्या एकावर आम्ही दोघांनी तीन वर्षं काढली."

"आळीपाळीने?"

"छे, बरोबरच उतरतो. बोटींचे तळाशी अडकलेले नांगर सोडवतो आम्ही. कॉम्प्युटर माझ्या मनगटावर. मी वर निघालो की हाही निघतो."

"जास्त खोल कोण असतं?"

"मी मध्यावर साखळी बघतो. तळाशी हा."

"अहो, म्हणजे तो तुम्हाला मोजत होता. ह्यांना कोण मोजत होतं?" दुकानदार धाकट्याकडे वळला. "काय हो, वर आल्यावर सांधे दुखतात?"

"खांदा. थोडासाच. दादाला बोललो नाही, उगीच काम थांबवेल."

"खोलातून लवकर वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, त्याचंच हे दुखणं असेल. आजच डॉक्टरांना दाखवा. तोवर पाण्यात उतरायचं नाही."

बाईंना वाटलं, थोरला आता ओरडणार.

"हा रंगीत राहू द्या. साधे दोन काढा."

"दादा, तुला आवडला होता ना तो?"

"गप बस. हात पुढे कर, माप घेऊ दे त्यांना. तो हात नको रे, न दुखणारा कर."