वाघ्याचा उपास

(क्रांती चौकामागच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळचे साडेसहा. दोन वर्षांपूर्वी गोठा रिकामा करून फुलंब्रीहून मुलाकडं राहायला आलेले अप्पाराव फिरून परतलेत, हातात झाकलेला तांब्या. दारातच कॉलेजात शिकणारी नात संस्कृती उभी आहे. बैठकीतल्या काचेच्या टाकीत तिचा दीड वीत लांबीचा ऑस्कर मासा, वाघ्या.)

संस्कृती : आबा, झाकण काढा म्हणते ना मी.

अप्पाराव : काहून? पाणी हाय. सूर्याला द्यायचं.

संस्कृती : सूर्याला द्यायच्या पाण्यात शेपट्या वळवळतात का?

अप्पाराव : ...गप्पी हायेत. बागंतल्या हौदातले. टॉवेलानं धरले.

संस्कृती : डास मरावेत म्हणून सोडलेले मासे तुम्ही वाघ्याला घालताय! किती दिवस चाललंय हे?

अप्पाराव : आजचा धरून सहा. लई नाय, चार-पाचच टाकतो. तू अंघोळीला गेलीस की.

संस्कृती : अहो, आणि मी रोज कोळंबीचा तुकडा काडीला लावून त्याच्या तोंडापुढं नाचवते! हा ढुंकून बघत नाही. मला वाटलं, याला काहीतरी झालंय. कालची अख्खी संध्याकाळ रडले मी, आबा.

अप्पाराव : पाह्यलं म्या.

संस्कृती : पाहिलंत, आणि बोलला नाहीत?

अप्पाराव : कसं बोलू? मुक्या जिवाला तू उपाशी ठिवलेलं. आठ दिस! माणसाला तरी ठिवतं का कुणी?

संस्कृती : हजारदा सांगितलं, तो मोठा आहे, धडधाकट आहे, आठवडा सहज काढतो. भूक लागली की मेलेली कोळंबी घेईल. मग कोळंबीत लपवलेला माशांच्या खाद्याचा कोरडा दाणा, मग कोळंबीच्या पाण्यात भिजवलेला, मग नुसता दाणा. अशीच सवय मोडतात. जिवंत मासे का बंद केले मी? आधीचा मासा, शंभू, कशानं गेला, विसरलात?

अप्पाराव : ते दुकानातले व्हते. नासके. हे आपल्या बागंतले.

संस्कृती : बागेतल्यांना रोग होत नाही, असं कोण म्हणालं?

अप्पाराव : तुला कळायचं नाय, माय. फुलंब्रीला दावणीला वैरण पडल्याबिगर तुझ्या आजीनं कधी चूल पेटवली नाय. जनावर उपाशी आन धनी जेवला, असं आपल्या घरात झालंच नाय. मला घास उतरत नाय.

संस्कृती : उतरत नाही कसा? दोन्ही वेळा जेवता की तुम्ही.

अप्पाराव : जेवतो. आता जेवतो.

संस्कृती : आता म्हणजे?

अप्पाराव : ...पयले दोन दिस नाय जेवलो. तुझी आई ताट वाढून हापिसात जायची. म्या दोन्ही येळची भाकरी टॉवेलात बांधून खालच्या कुत्र्याला घालायचो.

संस्कृती : आणि डायबेटिसची गोळी?

अप्पाराव : ती घ्यायचो. डॉक्टर म्हनले, गोळी चुकवायची नाय.

संस्कृती : उपाशीपोटी! म्हणजे तिसऱ्या दिवशी चौकात तुम्ही पडलात, रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं, ते ऊन लागून नव्हतं?

अप्पाराव : सकाळी आठला कुठलं आलं ऊन?

संस्कृती : आबा, एखादी बस आली असती अंगावर!

अप्पाराव : तवाच ठरिवलं. त्यो खाईल तर म्या खाईन. हौदाकडं गेलो.

संस्कृती : एवढीशी वासरं दुधावरून तोडायचात तेव्हा? ती नव्हती का उपाशी?

अप्पाराव : वासरू हंबरतं गं. बोट चाटवावं, पेंडंचं पाणी दाखवावं, उमगतं त्याला. ह्यो काय बोलतो? काचंशी येतो, तोंड उघडतो, मिटतो. रातभर डोळ्यापुढून हालत नाय.

संस्कृती : इकडं या. चष्मा लावा. शेपटीकडं बघा.

अप्पाराव : मीठ सांडल्यागत दिसतंय.

संस्कृती : शंभूला असंच झालं होतं आधी.

अप्पाराव : ...म्या आणलं?

संस्कृती : थांबा, टाकीचा दिवा लावून नीट बघू दे.

अप्पाराव : बोल की, माय. म्या आणलं?

संस्कृती : हो, आबा. बहुतेक त्या गप्प्यांबरोबरच आलं.

अप्पाराव : पोटाला घालतो म्हनून त्याच्या जिवावरच उठलो म्या. आगीतून फुफाट्यात लोटलं. जगल का?

संस्कृती : आता लवकर दिसलंय. पाणी हळूहळू गरम करते, दुकान उघडलं की औषध आणते. पण दोन-तीन दिवस खायला काहीच नाही. कोळंबीसुद्धा नाही. आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

अप्पाराव : मंग माझाबी उपास पयल्यापासून. चूक माझी हाय.

संस्कृती : आणि पुन्हा पडलात म्हणजे? वाघ्याला सांभाळू की तुम्हाला? मला दोघंही पाहिजेत, आबा.

अप्पाराव : रडू नको. काय शिक्षा द्यायची ती दे मला.

संस्कृती : देऊ? मग ही खुर्ची. टाकीसमोर बसायचं. ही रात्रीची भाकरी, हे दूध. तो उपाशी असताना, त्याच्या डोळ्यांसमोर, अख्खी भाकरी संपवायची. आज, उद्या, परवा.

अप्पाराव : लई वंगाळ शिक्षा हाय ही.

संस्कृती : हो. बसा.

अप्पाराव : काचंला तोंड लावून बघतोय गं. त्याला वाटतंय, म्या आणलं काहीतरी.

संस्कृती : बघू दे. तुम्ही घास घ्या.

अप्पाराव : घेतला.

संस्कृती : मग गिळा ना, आबा.

अप्पाराव : तोंडातच हाय अजून.