वामन वाजवतो

ऐका हो मंडळी. थोडं पुढं सरकून बसा, मधे जागा सोडू नका. त्या मागच्या आजी, तुम्हीही या. खांबाआड बसलात तर बुवा दिसायचा नाही. तसं त्यात तुमचं फारसं नुकसान नाही म्हणा!

आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो. हजार माणसं आपली वाहवा करतात. गळ्यात हार पडतो, पेपरात फोटो येतो. आणि तरी जीव एकाच माणसाच्या शब्दाकडे का लागून राहतो? घरात लग्न झालं. पाचशे पाहुणे जेवून तृप्त होऊन गेले, पण थोरला भाऊ पानावरून उठून गेला. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर कोण आठवतं? पाचशे, की तो एक?

बोला ना! गप्प बसलात म्हणजे उत्तर माहीत आहे.

पुराणात याचे दाखले पुष्कळ आहेत. पण आज मी पुराणातलं सांगत नाही. गेल्या माघात वेंगुर्ल्याला माझी सात दिवसांची कीर्तनसेवा होती. तिथं ज्याची ही गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

वेंगुर्ल्यात दोघं होती. एक उर्मी राऊळ, शाळामास्तरांची मुलगी. दुसरा वामन तांडेल, बंदराजवळ त्याच्या काकांचा बर्फाचा कारखाना. होड्या मासेमारीला निघाल्या की बर्फाच्या लाद्या तिथून जायच्या. उर्मीचा गळा गोड, आणि शब्द लिहायची. वामन लहानपणापासून भजनी मंडळात पेटीवर, पुढं गिटार शिकला. अबोल पोरगा. बोलायचं ते बोटांनी.

दोघांनी मिळून गाणी करायला सुरुवात केली. प्रेमबिम काही नाही हो, लगेच कुजबुजू नका! मैत्री. पण मैत्री अशी, की तिनं ओळ म्हणायला घ्यावी आणि त्या ओळीची चाल याच्या बोटांत तयार असावी. जोडीचं नाव ठेवलं ‘खारवारा’. कारखान्यामागं एक खोली होती, जुनी जाळी ठेवायची. तिथं दोघं समोरासमोर बसली, मधे एकच माईक, आणि नऊ गाणी रेकॉर्ड केली. अल्बम म्हणतात त्याला. नऊ गाण्यांची एक माळ समजा. पलीकडं बर्फाचं यंत्र घरघरतंय, ती घरघरसुद्धा गाण्यात आली. ‘ओलं मीठ’ असं त्या अल्बमचं नाव. कुठल्या कंपनीचा पैसा नाही, कुणाची शिफारस नाही, आपलं आपण करायचं आणि लोकांपुढं ठेवायचं. याला हल्ली इंडी म्हणतात. म्हणजे बघा, आम्ही कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या इंडीच!

आणि झालं काय, ती गाणी फोनाफोनांतून पसरली. कॉलेजची मुलं ऐकायला लागली, रिक्षात वाजायला लागली. पुण्याला एक म्हातारे समीक्षक आहेत, प्रभंजन आठल्ये. गाण्यावर लिहितात, आणि सहजासहजी चांगलं लिहीत नाहीत. त्यांनी अख्खा लेख लिहिला. म्हणाले, बऱ्याच वर्षांनी मराठीत कुणीतरी कुणासाठी तरी गातंय असं वाटलं. झालं! पुण्याहून बोलावणी, मुंबईहून बोलावणी. टाळ्याच टाळ्या.

आता लक्ष द्या. गोष्ट इथं वळते.

पुण्यात मोठा कार्यक्रम झाला. संपल्यावर एक मुलाखत घेणारी मुलगी आली, हातात कॅमेरा. तिनं उर्मीला विचारलं, ही गाणी तयार कशी होतात? उर्मी दमलेली, पण आनंदात. वामन दोन पावलांवर वायरी गुंडाळत होता. ती हसत हसत बोलून गेली, “सगळं माझ्याच डोक्यात असतं. शब्द मी लिहिते, चाल मी गुणगुणते. वामन वाजवतो.”

वामन वाजवतो.

दोनच शब्द, मंडळी. शिवी आहे का? नाही. खोटं आहे का? वाजवत होताच की तो! पण त्या नऊ गाण्यांतल्या सात चाली त्याच्या होत्या. ही रडत बसायची, ओळ सुचत नाही म्हणायची, तेव्हा तो तासन्‌तास एकच सूर धरून बसायचा, तिला ओळ सापडेपर्यंत. ते सगळं त्या दोन शब्दांत कुठं गेलं?

वामननं ऐकलं. वायर गुंडाळून पिशवीत ठेवली. भांडला नाही, रुसला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, काकांची तब्येत बरी नाही, जातो. गेला, तो परत आलाच नाही.

भांडण झालं असतं तर बरं होतं हो. भांडणाला निदान शेवट असतो. इथं काहीच झालं नव्हतं, मग मिटवायचं काय?

तीन वर्षं अशीच गेली. उर्मी पुण्यात राहिली. दुसरा अल्बम करायचा होता, लोक विचारत होते. मग फोनवरून काम सुरू झालं. तो वेंगुर्ल्यात वाजवून पाठवणार, ही पुण्यात स्टुडिओत त्यावर गाणार. भिंतींना गाद्या लावलेला स्टुडिओ, मुंगी शिंकली तरी ऐकू येईल. “पाठवलंय.” “मिळालं.” “जरा सावकाश हवं.” “बरं.” तीन वर्षांत दोघांचं बोलणं ते एवढं. एकदा तिनं लिहिलं, कसा आहेस? त्यानं अंगठा पाठवला. आता अंगठ्यावरून माणूस कसा आहे हे काय कळणार! आमच्या आजोबांच्या काळी अंगठा दिला की घरदार जायचं.

पण उर्मीच्या मनात काय होतं? ते तिनं पुढं वामनला सांगितलं. स्टुडिओत कानाला ते यंत्र लावून ती वामनची गिटार ऐकायची. त्यात कुठं काही आहे का शोधायची. राग असेल, बोल लावलेला असेल, काहीतरी. गिटार सुरेख होती. स्वच्छ. तिच्यात काहीच नव्हतं. ती एकदा गाताना थांबली आणि काचेपलीकडच्या माणसाला म्हणाली, पुन्हा लावा. तो म्हणाला, ताई, चूक कुठं झाली? ती म्हणाली, चूक नाही हो. चूक नाही, तेच तर.

अल्बम बाहेर आला. ‘पल्याडचे दिवे’.

आणि काय सांगू तुम्हाला, वाहवा! एका पेपरनं पाचपैकी साडेचार तारे दिले. दुसरा म्हणाला, खारवारा आता वयात आला. कुणी लिहिलं, पहिल्या अल्बममधली ती घरघर नाही, ते कच्चेपण नाही, काचेसारखा निर्मळ आवाज. एकीनं लिहिलं, ही जोडी म्हणजे दोन देह आणि एक प्राण! आता बोला! तीन वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, त्यांचा एक प्राण. लिहिणाऱ्याचा दोष नाही. आपणही बाहेरून बघून किती जोड्यांना असंच म्हणतो.

उर्मी सगळं वाचायची. आणि प्रत्येक लेख वामनला पाठवायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तो काहीतरी म्हणेल. बरं झालं म्हणेल. वाईट झालं म्हणेल. निदान हे गाणं तू बिघडवलंस म्हणेल. ती फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. उत्तर यायचं ते अंगठ्याचं. साडेचार तारे मिळालेली बाई, मंडळी, आणि जेवताना घास उतरत नाही.

मग आठव्या दिवशी आठल्यांचा लेख आला. एवढासा. त्यांनी लिहिलं होतं, “सगळं जागच्या जागी आहे. पण पहिल्या अल्बममध्ये गाणाऱ्या बाईंचा श्वास संपत आला की गिटार थांबायची. इथं कुणी कुणासाठी थांबत नाही. दोघंही उत्तम आहेत, फक्त एका खोलीत नाहीत. मला त्या खोलीची फार आठवण आली.”

लोक खवळले! फोनवर काय काय लिहिलं म्हाताऱ्याला. कान गेले, अक्कल गेली, तरुणांचं बघवत नाही. उर्मीच्या कार्यक्रमांची व्यवस्था बघणारा माणूस म्हणाला, आपण उत्तर देऊ, चांगलं झणझणीत. महिन्याभरानं पुण्यात नव्या अल्बमचा कार्यक्रम होता, तिकिटं संपलेली. वामन येणार नव्हता. त्याची गिटार संगणकावरून वाजणार होती. अशा वेळी हा लेख परवडायचा नाही, असं त्याचं म्हणणं.

उर्मीनं उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. आणि थेट आठल्यांना फोन लावला. त्यांना वाटलं, आता ही भांडणार. ती म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं?”

म्हातारा म्हणाला, “मी तरुणपणी गायचो. धाकटा भाऊ पेटीला असायचा. एका गोष्टीवरून आमचं बोलणं थांबलं. अठरा वर्षं. मला वाटायचं, तो बोलेल. त्यालाही तेच वाटत असणार. आता तो नाही. तेव्हापासून मला, बाई, रिकामी जागा पहिल्यांदा ऐकू येते. गाणं मागाहून.”

त्यांनी उपदेश केला नाही. जा, भेट, असं म्हणाले नाहीत. खरा जाणता माणूस आपलं सांगतो आणि गप्प बसतो. आमच्यासारखा तासभर बोलत नाही!

उर्मी वेंगुर्ल्याच्या गाडीत बसली. सकाळी उतरली, ती घरी न जाता बंदरावर. वामन कारखान्याच्या दारात होता. खांद्यावर गोणपाट, लाद्या गाडीत चढवत होता. तिला बघून थबकला. मालवणीत म्हणाला, “इलंस? चाय घेतंस?”

तीन वर्षांनी पहिला शब्द हा. चहा घेतेस का!

दोघं बाकावर बसली. तिनं ठरवून आणलेलं सगळं ती विसरली. शेवटी म्हणाली, “मी ‘वाजवतो’ म्हणाले होते.”

वामन कपात बघत राहिला. म्हणाला, “तुका आठवता तां.”

एवढंच. पण मला सांगताना वामन म्हणाला, बुवा, त्या क्षणी माझ्या छातीवरची लादी उतरली. तीन वर्षं मला एवढंच हवं होतं. तिनं माफी मागावी असं नाही. तो शब्द तिला आठवतो की मला एकट्यालाच, एवढंच कळायला हवं होतं.

आता तुम्हाला वाटेल, दोघं गळ्यात पडली, गिटार काढली, गाणं झालं. नाही. तिनं विचारलं, पुण्याला येतोस? तो म्हणाला, “माका येऊचा नाय.” राग नाही म्हणाला, पण हात गाण्याकडं जात नाही. काका गेले होते, कारखाना त्याच्या अंगावर होता. जाळ्यांच्या खोलीला कुलूप होतं. तिनं ते उघड असंही म्हटलं नाही. ज्याचं आपण मोडलं, त्याला ‘आता लगेच जोड’ असं सांगायचा आपल्याला काय अधिकार? ती दोन दिवस आईवडिलांकडं राहिली आणि परत गेली. गाडीत रडली असेल. मला त्यानं सांगितलं नाही, त्याला माहीत नव्हतं. पण तुम्हाला-मला माहीत आहे.

पुण्यात कार्यक्रमाचा दिवस आला. सभागृह भरलेलं, आठल्ये पाचव्या रांगेत. उर्मीनं संगणक बंद करायला सांगितला. व्यवस्था बघणारा तो माणूस हवालदिल झाला, पण ती ऐकेना. एक साधी तंबोरी घेऊन बसली आणि लोकांना म्हणाली, “तीन वर्षांपूर्वी याच शहरात मी चुकीचं बोलले. या गाण्यांच्या चाली वामन तांडेल यांच्या आहेत. माझे शब्दसुद्धा बरेचसे त्यांच्या थांबण्यातून आलेत. आज ते नाहीत. म्हणून आज गाणं अर्धंच होईल. तेवढं ऐकून घ्या.”

आणि ती गायली. काही लोक नाराज झाले. दुसऱ्या दिवशी एका पेपरनं लिहिलं, कार्यक्रम फसला. साडेचार ताऱ्यांचे दोन झाले! पण गंमत बघा, ते दोन तारे वाचून ती पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वामनचा. कुणीतरी त्या कार्यक्रमाचं चित्रण त्याला पाठवलं होतं. तिनं उचलला. पलीकडून आधी नुसती यंत्राची घरघर. मग तो म्हणाला,

“दुसऱ्या कडव्यात घाई केलंस.”

मंडळी! याला स्तुती म्हणाल की निंदा? सगळ्या महाराष्ट्रानं वाहवा केली तेव्हा ती कोरडी होती. आणि या एका वाक्यावर ती बाई भर दुपारी, भाजी चिरता चिरता, ओक्साबोक्शी रडली. कारण त्यानं ऐकलं होतं. नीट, शेवटपर्यंत, तिच्यासाठी ऐकलं होतं. तिनं विचारलं, मग कसं म्हणू? आणि त्यानं फोनवरच, आवाजात, ती ओळ म्हणून दाखवली.

तिसरा अल्बम अजून आलेला नाही. येईल की नाही, मला ठाऊक नाही. वामन म्हणतो, बघू. उर्मी दर सुट्टीला वेंगुर्ल्याला जाते.

आता माझ्याकडं बघा. उर्मीकडं बोट दाखवू नका, बोट आपल्याकडं वळवा. तुमच्या घरी कुणी विचारलं, वहिनी काय करतात? तुम्ही काय सांगता? “काही नाही, घरीच असते.” धाकटा काय करतो? “शेती बघतो.” सून? “असते मदतीला.” अहो, कुणाकुणाला आपण ‘वाजवतो’ म्हणून मोकळे झालो! आपला श्वास संपत आला तेव्हा कोण थांबलं होतं, ते आठवा. ते थांबले म्हणून आपलं गाणं झालं. आणि त्यांनी वायर गुंडाळून ठेवली, ते आपल्या लक्षातही आलं नाही.

देवाचं तरी काय वेगळं आहे? तोही आपल्या हजार आरत्यांच्या गोंगाटात एक हाक शोधत बसलेला असतो. खरी, थोडी बेसूर, पण त्याच्यासाठी मारलेली. ती ऐकायला मिळत नाही म्हणून तोही, मला वाटतं, झुरतच असेल.

तेव्हा आज देवळातून घरी जाल, तर आधी त्या माणसाकडं जा. तो जवळ नसेल तर फोन लावा. मोठं काही बोलू नका. आपण काय म्हणालो होतो, ते आपल्याला आठवतं, एवढं सांगा. तो लगेच आला नाही तर येईपर्यंत वाट बघा. वाट बघणं हीसुद्धा भक्तीच आहे.

चला, टाळ उचला. आज जोरात नको. शेजारच्याचा श्वास ऐकू येईल इतक्या हळू म्हणा, आणि तो थांबला तर तुम्हीही थांबा.

राम कृष्ण हरी.