वॉल्व्हमधली काजळी

मिस्त्री : हात लावू नका वहिनी, साडी जाईल कामातून. नुसतं बघा. हाच तो ईजीआर वॉल्व्ह, तुमच्या गाडीतून काढलेला.

सून : अगं बाई! हे काय, कढईचं बूड आहे की काय?

मिस्त्री : कढई परवडली, ती घासता तरी येते. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच सोडायचा असतो, म्हणजे आतली आग फार भडकत नाही. त्या वाटेवरचं दार म्हणजे हा वॉल्व्ह. काजळीने गच्च होऊन उघडाच अडकला होता. म्हणून गाडी गचके देत होती, काळा धूर ओकत होती आणि समोर तो पिवळा दिवा. मी उगाच सेन्सरच्या मागे लागलो. चोर सोडून संन्याशाला फाशी! नवा बसवलाय आता.

सून : आज नक्की मिळेल ना गाडी? संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे बघायला.

मिस्त्री : विकताय? काकांची गाडी? आणि काका विकू देतायत?

सून : बाबांना विचारून काय उपयोग आता? तुम्हाला माहीत नाही, पार विसरायला लागलेत. वाचून झालेला पेपर परत मागतात. गॅसवर दूध ठेवून निघून जातात. मागे एकदा मी जेवायला वाढत होते, तर मला म्हणाले, ‘आपण कोण?’ डॉक्टर म्हणाले, वय झालं, असंच चालायचं. आज हे त्यांना वृद्धाश्रमात सोडायला निघालेत. टॅक्सी सांगितलीय दुपारची.

मिस्त्री : काय सांगता! अहो, दोन वर्षांपूर्वी इथेच बसून मला डिझेलवर व्याख्यान देत होते.

सून : जीव तुटतो हो. पण मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?

मिस्त्री : हं. एक विचारू का? गाडी चालवतं कोण? ही काजळी पळणाऱ्या गाडीची नाही. गाडी जागेवर उभी आणि इंजिन तासन्‌तास चालू, असं झालं की इतकी धरते.

सून : कुणीच चालवत नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ह्यांनी किल्लीच मागितली होती. बाबा एवढेसे झाले हो. मग तह झाला, गाडी जागची हलवायची नाही, रोज सकाळी नुसती चालू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून. तेव्हापासून आत बसून रेडिओ ऐकतात. त्यांचा विरंगुळा होतो आणि माझा स्वयंपाक निवांत होतो.

मिस्त्री : तरीच. बरं, चालू करून दाखवतो. थांबा, आधी हे वर्कशॉपचं मागचं दार उघडू दे.

सून : राहू द्या की, केवढी धूळ येतेय.

मिस्त्री : धूळ येऊ दे. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही. माझा धाकटा भाऊ एकदा थंडीचा दार लावून काम करत बसला. बाहेर आला तो लटपटत, आणि मलाच विचारतोय, ‘दादा, आपण कुठे आलोय?’ हसू नका, त्या धुरात विष असतं, डोक्यात जातं... वहिनी? काय झालं? बसा, बसा आधी.

सून : आमची गाडी घराखालच्या गॅरेजमध्ये असते.

मिस्त्री : बरं, मग?

सून : शटर लावलेलं असतं.

मिस्त्री : काका आत असताना?

सून : रोज.

मिस्त्री : अरे देवा! खिडकी? झरोका? काहीतरी असेल ना!

सून : काही नाही. वर आले की डोकं धरून बसायचे. मी म्हणायची, रेडिओ कमी लावा, डोकं दुखणार नाही. देवा रे! थांबा... गाडी सोमवारपासून तुमच्याकडे आहे. परवा त्यांनी नातीची गणितं घेतली. काल मला आपणहून हाक मारली, चहा छान झालाय म्हणाले. आम्हाला वाटलं, नव्या गोळ्या लागू पडल्या. हे म्हणाले, बरं झालं, निरोप तरी नीट होईल.

मिस्त्री : मी काही डॉक्टर नाही. तेच कारण असेल असं छातीठोक सांगत नाही. पण फोन लावा आधी. टॅक्सी निघायच्या आत लावा!

(पलीकडे फोन बराच वेळ वाजतो. मग कुणीतरी उचलतं.)

सासरे : हॅलो. कोण, सूनबाई का?

सून : बाबा! निघाला नाहीत ना?

सासरे : बूट घालून बसलोय. टॅक्सीवाला बॅग न्यायला वर आलाय.

सून : त्याला परत पाठवा. ह्यांना सांगा, मी सांगितलंय. बूट काढू नका, आपल्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय, मी येतेच आहे. पण ती बॅग उघडा. बॅग न्यायची नाही.

सासरे : अगं, पण झालं काय? रडतेस का? गाडीचं काही बरंवाईट झालं का?

सून : गाडी ठीक आहे. बाबा... रोज गाडी चालू करून बसायचात, तेव्हा शटर का हो लावून घ्यायचात?

सासरे : तूच नाही का म्हणालीस, धुराने दोरीवरचे कपडे काळे होतात म्हणून? बाकी काय काय विसरलो ते आठवत नाही बाई, पण शटर लावायला एकदाही विसरलो नाही.