पडद्याची दुमड

(शिंप्याच्या दुकानामागची खोली. तो मशीनवर; थोरली बहीण मोरीतून दोन ओले पडदे घेऊन आलेली.)

ताई : मग बादलीतलं पाणी दुधासारखं कशानं झालं, तेवढं सांग.

शिंपी : साबण जास्त पडला असेल. तुझा हातच सढळ.

ताई : साबणाला अजून हात लावला नव्हता रे. पडदा जड लागला, म्हणून खालची दुमड उसवली. विरघळल्या त्या गेल्या, ह्या उरल्या. बघ.

शिंपी : ठेव तिकडे.

ताई : देवापुढून उठते आणि पहिली तुझी एचआयव्हीची गोळी हातावर ठेवते. तू घोट घेतोस, ‘झालं ताई’ म्हणतोस, आणि पडद्यात शिवून टाकतोस?

शिंपी : मला काय धाड भरलीय? बरा आहे मी.

ताई : बरा! कितीदा पँट आवळलीस? घामानं उशी भिजते, खोकला थांबत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, गोळ्या चुकवल्या की आजार आतल्या आत माजतो. मग तो त्या गोळीलाही जुमानत नाही.

शिंपी : तुझ्या भावजयीनं एक तरी चुकवली होती? माझ्यासमोर घ्यायची. तरी गेलीच ना? मग मी कशाला जीव आटवू?

ताई : दुकानातला पडदा तुझा. हा दुसरा आतल्या खोलीतला. ती गेल्यापासून तू धुवू देत नव्हतास, तो. ह्याची दुमड चाचपून बघ.

शिंपी : ...ह्यातही?

ताई : शिलाई कुणाची?

शिंपी : हातशिलाई आहे. बारीक, तिरके टाके... ताई, गोळीनं गरगरतं म्हणायची गं ती. मशीनवर बसवत नव्हतं. मग एक दिवस म्हणाली, झाली सवय, आता नाही गरगरत.

ताई : आणि आपण दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

शिंपी : पुढं उसवू नकोस.

ताई : नाही उसवत. चल, ऊठ, सदरा बदल. आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे जायचं, सगळं खरं सांगायचं. त्याआधी ही आजची घे.

शिंपी : दे.

ताई : पाणी पी... अजून एक घोट. गेली खाली?

शिंपी : हं.

ताई : हं काय? गिळलीस ना?... मान नको हलवूस, राजा. तोंड उघडून बोल माझ्याशी.